मेंबर आधी कुणाकडे बघतो

स्क्रीनवर म्हैस आली.

मी नंबर पुन्हा टाकला. बारा आकडे, एकेक मोठ्याने म्हणत. पुन्हा म्हैस. मुऱ्हा, काळी, तिसरं वेत, सध्या दुधात. मालकाचं नाव बरोबर, गाव बरोबर. पण माझ्या टेबलावर बदामी रंगाचा, एक कान उभा आणि एक कान पडका असा कुत्रा बसला होता. तो कोणत्याही अर्थाने दुधात नव्हता.

"अण्णा, हा नंबर कुणाचा?"

"मेंबरचा की. ह्यो काय बिल्ला." दत्तूअण्णांनी कुत्र्याच्या पट्ट्याला बांधलेला पिवळा प्लॅस्टिकचा बिल्ला माझ्यापुढे धरला. गाईम्हशींच्या कानात मारतात तोच.

"हा जनावरांचा टॅग आहे."

"मग मेंबर काय झाड हाय?"

मी शहरात, राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये पशुवैद्य आहे. कुत्री, मांजरं, पोपट, कधीतरी एखादं कासव. दत्तूअण्णा बिद्रीजवळच्या गावचे. घरी चार म्हशी, थोडा ऊस आणि एकुलती एक मुलगी, वैशाली. ती अण्णांच्या शेजारच्या खुर्चीत बसून आमच्या दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. पाचव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले. ती बोलते स्पष्ट, समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचते. मी खाली मान घालून लिहिता लिहिता बोलायला लागले की ती टेबलावर बोट आपटायची. म्हणजे, इकडे बघून बोला.

तिला जर्मनीत फूड टेक्नॉलॉजी शिकायला प्रवेश मिळाला होता. ऑक्टोबरपासून वर्ग. तिला मेंबरला बरोबर न्यायचं होतं, कारण मेंबर तिचा कान होता. दार वाजलं, गजर झाला, की तो येऊन तिच्या गुडघ्याला नाक लावायचा आणि आवाजाकडे घेऊन जायचा. निदान अण्णा तसं सांगत होते.

"बिल्ला आला कुठून, अण्णा?"

"आमच्या चंद्रीचा. चंद्री गेली दोन वर्सांमागं. बिल्ला पडून हुता. घरात सगळ्यास्नी आधार हाय, म्हशीस्नी बी हाय, मग ह्येनंच काय घोडं मारलंय? दिला बांधून."

आणि गावात लस टोचणाऱ्याने दोन वर्षं रेबीजच्या पुस्तकात तोच नंबर लिहिला होता. पुस्तक अगदी चोख होतं. फक्त ते मेलेल्या म्हशीचं होतं.

इथे थोडं समजावून सांगते. कुत्र्याला परदेशी न्यायचं तर त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप लागते. तांदळाच्या दाण्याएवढी. जाड सुईने खांद्यांच्या मध्ये टोचतात. तिला बॅटरी नसते. वरून स्कॅनर फिरवला की पंधरा आकडे दिसतात, बास. युरोपात क्रम ठरलेला आहे. आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली याला पुरावा काय? लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यता असलेल्या लॅबला पाठवायचं, लस अंगात किती लागू पडली ते बघायचं. आणि रक्त घेतल्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबायचं.

मी मेंबरच्या खांद्यावरून स्कॅनर दोनदा फिरवला. काही नाही.

"म्हणजे सगळं नव्यानं," वैशाली म्हणाली.

"सगळं. आज चिप, आज लस. एप्रिलमध्ये रक्त. जुलैपर्यंत थांबायचं."

फेब्रुवारी संपत आला होता. वेळ पुरत होता. पण अण्णांना ते चार महिने फुकट गेल्यासारखे वाटले.

"डॉक्टरबाई, चिपची तारीक मागची घाला की. कोन बघतंय?"

"मी बघतेय."

अण्णांनी मुलीकडे बघितलं आणि हसले. "बाई कडक हाय गं."

माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. वडील कामगारांची पत्रकं काढायचे, मी घड्या घालायचे. छापलेल्या प्रत्येक ओळीखाली आपलं नाव आहे, तेव्हा आधी वाच आणि मग वाट, असा घरचा नियम. तो अंगात मुरलाय. त्यामुळे माझे वरिष्ठ वैतागतात, ते पुढे येईलच.

मी चिप बसवली. मेंबरने हूं की चूं केलं नाही. मग वैशालीने एअरलाइनचा ईमेल दाखवला. मदतनीस कुत्रा असेल तर केबिनमध्ये, मालकाच्या पायाशी. नसेल तर पिंजऱ्यात घालून खाली सामानाच्या बाजूला. घरीच शिकवलेला कुत्रा असेल तर व्हिडिओ आणि पशुवैद्यकाचं पत्र पाठवा, आम्ही ठरवू. पत्राच्या नमुन्यात एक रकाना होता. हा कुत्रा नेमकं कोणतं काम करतो आणि ते तुम्ही स्वतः पाहिलं आहे का?

मी तिला सरळ विचारलं, "तिकडे लाइटवाले अलार्म मिळतात. कुत्राच कशाला?"

"मिळतात. लाइट सांगतो, काहीतरी झालं. कुठं झालं ते नाही सांगत. आणि मी पाठ करून बसले की लाइट नसल्यातच जमा." मग ती म्हणाली, "इथं मला सगळे ओळखतात. दार वाजवून उघडलं नाही तर खिडकीतून येऊन हात हलवतात. तिकडं दार वाजवतील आणि निघून जातील. आग लागली तरी."

हे मला पटलं. आणि मला राग आला. या मुलीला आपल्याकडे एखाद्या हॉटेलात या कुत्र्याबरोबर शिरून दाखवू दे. दारातच कुणीतरी काठी उगारेल. चष्मा चालतो, आंधळ्याची काठी चालते, चाकांची खुर्ची चालते. जिवंत मदत चालत नाही. असो.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले. दाराजवळच्या सोप्यात वैशाली पुस्तक घेऊन बसली. अण्णा नेहमीच्या खुर्चीत. मेंबर दोघांच्या मध्ये, जमिनीवर. मी मोबाईल स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बाहेर जाऊन दार वाजवलं.

मेंबर उठला, वैशालीच्या गुडघ्याला नाक लावलं, दाराकडे निघाला. ती मागोमाग आली, दार उघडलं.

स्वयंपाकघरात गजर लावला. नाक, चालणं, बरोबर जागा. बैठकीत अण्णांचा मोबाईल वाजवला. बरोबर. परसात पत्र्याचा डबा पाडला. बरोबर. आणखी दोन आवाज केले. सहाच्या सहा वेळा बरोबर. मी थक्क झाले. शिकवलेल्या कुत्र्यांचंही एवढं चोख काम मी बघितलेलं नव्हतं.

"कुठं शिकलात हे, अण्णा?"

"शिकायचं काय त्येत? त्यालाच अक्कल हाय."

तेच मला खटकलं. न शिकवता सहा आवाज? कुत्रा हुशार असतो, पण दुसऱ्याला ऐकू येत नाही हे त्याला कसं कळणार? त्याला स्वतःला तर ऐकू येतं. माझा पाहुणचार झाला, ताक झालं, मी परत आले. पण डोक्यात तेवढंच.

सोमवारी दुपारी क्लिनिक रिकामं होतं. मी व्हिडिओ लावला. मग वेग कमी करून लावला. दार वाजतं. मेंबरचा उभा कान हलतो. तो मान वळवतो. वैशालीकडे नाही. दाराकडेही नाही. खुर्चीकडे.

खुर्चीत अण्णा. आवाज होताच त्यांची नजर आधी वैशालीकडे जाते, भुवया वर होतात, मग नजर दाराकडे जाते. हे सगळं होतं एका श्वासात. आणि मग मेंबर उठतो.

गजर. खुर्ची, मग वैशाली. मोबाईल. खुर्ची, मग वैशाली. डबा. खुर्ची.

मेंबर आवाज ऐकून काम करतच नव्हता. तो अण्णांची नजर वाचत होता.

मी सरांना सांगितलं. सर म्हणजे क्लिनिकचे मालक, तीस वर्षं या धंद्यात.

"मग? पत्र दे लिहून. चावत नाही, भुंकत नाही, शांत आहे. विमानाला आणखी काय पाहिजे?"

"सर, रकाना आहे. काम कोणतं करतो?"

"मालक सांगतो ते लिही."

"मालक सांगतो ते मालकाने लिहावं. खाली सही माझी आहे."

"तू सर्टिफिकेट देतेस का पत्रक काढतेस?"

"तिकडे आग लागली आणि कुत्रा खुर्ची शोधत बसला तर? खुर्ची तर बिद्रीजवळ आहे."

सरांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "बघू तरी." मी लावलं. "थांब. परत लाव." त्यांनी चार वेळा बघितलं. पाचव्यांदा खुर्ची ओढून जवळ बसले. "आयला," ते म्हणाले, "कुत्र्याने माणूस ट्रेन केलाय का माणसाने कुत्रा?"

मी पुन्हा गावी गेले. या वेळी अण्णांना म्हटलं, जरा म्हशी बघून या. ते गोठ्याकडे गेले. मी दार वाजवलं.

मेंबरचा कान उभा राहिला. त्याने मान वळवून रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा पायांवर डोकं ठेवून पडला.

मी आत आले. वैशाली पुस्तक मिटून माझ्याकडेच बघत होती.

"नाही उठला ना?" तिने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"अण्णा शेतात गेले की तो झोपतो. माझ्या पायावरून घूस गेली तरी उठणार नाही."

"मग न्यायचा कशाला?"

"शिकेल तो. अण्णा नसले की शिकेल, असं वाटलं. त्यांना सांगू नका, मॅडम. आल्यागेल्याला मेंबरचं कौतुक सांगतात. मला जाऊ देतायत ते मेंबरच्या भरवशावर."

आता खरी अडचण कळली. पत्र नाही दिलं तर कुत्रा पिंजऱ्यातून जाईल, एवढंच नव्हतं. अण्णांना कळलं तर मुलगीच जाणार नाही कदाचित. पण तिथे खोलीत एकटी राहणार होती ती, अण्णा नव्हे. मी म्हटलं, "मी खोटं सांगणार नाही. पण तू सांग, मी कसं सांगू."

तिने विचार केला. "व्हिडिओ दाखवा. बोलू नका."

अण्णा हात धुऊन आले. मी मोबाईल हातात दिला. त्यांनी आधी मेंबरचंच कौतुक केलं. मग हळू केलेला व्हिडिओ लागला. दुसऱ्या आवाजाला त्यांचं हसू थांबलं.

"मी बघतो व्हय असा?"

"प्रत्येक वेळी."

"मला म्हाईतच न्हाय." ते मोबाईलकडे बघतच राहिले. "पाच वर्साची हुती ही. दवाखान्यातनं घरी आनली. डॉक्टर म्हनला, एकादवेळेस येईल कान परत. तवापास्नं काय बी वाजलं की बघतोय, हिला गेलं का ऐकू." मग एकदम मोबाईल परत दिला. "म्हंजी काम मी करतोय आनि नाव मेंबरचं! मग मलाच न्या की जर्मनीला. पट्टा बांधून."

वैशाली हसली. मीही हसले. अण्णा हसले नाहीत.

"न्हाय जमायचं म्हना की मग," ते म्हणाले. "एकटी कशी ऱ्हाईल?"

"अण्णा, चार महिने फुकट गेले म्हणालात ना तुम्ही? ते आहेत आपल्याकडे."

म्हशीच्या बिल्ल्याने दिलेले चार महिने. चिप, लस, रक्त सगळं आधीच झालं असतं, तर फेब्रुवारीतच कागद पूर्ण झाले असते आणि मेंबर खुर्ची शोधत जर्मनीला पोचला असता.

शिकवायचं वैशालीने, असं ठरलं. कुत्रा ज्याच्यासाठी काम करणार त्याच्याच हातून शिकला पाहिजे. पण यात एक गंमत होती, जी मला आधी सुचलीच नव्हती. आवाज झाला, कुत्रा आला, की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. उशीर झाला तर कशाबद्दल मिळाला ते कुत्र्याला कळत नाही. आणि आवाज कधी झाला हेच वैशालीला कळणार नाही. दोन दिवस मी यावर डोकं चालवलं. उत्तर वैशालीनेच काढलं. तिने बिनतारेची डोअरबेल मागवली. बटण तिच्या मुठीत, बेल दुसऱ्या खोलीत. दाबलं की वाजलं, हे तिला बोटाने कळायचं.

खाऊ म्हणून अण्णांनी उकडलेली कलेजी सुरू केली. मी बंद केली. युरोपात बरोबर मांस नेता येत नाही, आणि सवय तिथेही चालणारी हवी. बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे ठरले. मेंबरने दोन दिवस तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी तडजोड केली.

सगळ्यात अवघड शिष्य मेंबर नव्हताच. अण्णांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. बेल वाजली की मान आपसूक वळायची. "आवं, वळतीय ती. मी न्हाय वळवत." डोक्यावर टॉवेल घेऊन बसवलं. मेंबर त्यांचे खांदे वाचायला लागला. शेवटी सराव सुरू झाला की अण्णांनी घर सोडायचं असं ठरलं. ते डेअरीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. तिथे कुणी विचारलं तर सांगायचे, "घरात शाळा चालू हाय. मी नापास झालोय."

मार्च गेला. एप्रिलमध्ये मी रक्त घेतलं, रिपोर्ट चांगला आला. वैशाली रोज व्हिडिओ पाठवायची. पहिले कित्येक दिवस मेंबर बेल वाजली की खुर्चीकडे बघायचा. तिने खुर्चीच गोठ्यात नेऊन ठेवली. मग तो खुर्ची होती त्या जागेकडे बघायचा. मे महिन्यात एका दुपारी बेल वाजली, मेंबरने त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, मग बेलच्या खोलीकडे बघितलं, आणि उठून थेट वैशालीच्या गुडघ्याला नाक लावलं. तो व्हिडिओ सरांनी क्लिनिकमध्ये आलेल्या तीन अनोळखी माणसांना दाखवला.

जूनमध्ये वैशालीने थाप, गजर, स्मोक अलार्म असे रेकॉर्ड केलेले आवाज रिमोटवर लावून एकेक करून शिकवले. जुलैमध्ये मी अधिकृत चाचणी घेतली. अण्णा कट्ट्यावर. मीही घरात थांबले नाही. मी राहिले असते तर मेंबरने मला वाचलं असतं. कॅमेरे आत, मी अंगणात भिंतीआड, आवाज रिमोटवर. निकाल होता तसा पत्रात लिहिला. दारावरची थाप, दहापैकी नऊ. स्मोक अलार्म, दहापैकी दहा. गजर, दहापैकी नऊ. मोबाईल, दहापैकी चार. कुकर, दहापैकी शून्य. कुकर वाजला की मेंबर स्वयंपाकघरात जातो आणि तिथेच बसतो.

"ते चार आणि शून्य कशाला लिहितेस?" सर म्हणाले.

"नऊ आणि दहा कुणी खरं धरावं म्हणून."

त्यांनी मान हलवली. पण लेटरहेड स्वतः आणून दिलं.

एअरलाइनने एकच प्रश्न विचारला. चाचणीच्या वेळी घरात कोण होतं? मी उत्तर पाठवलं. चार दिवसांनी परवानगी आली. केबिनमध्ये, मालकाच्या पायाशी. निघायच्या आधी सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र झालं. तिथे स्कॅनर फिरवल्यावर पंधरा आकडे आले आणि वैशालीने टाळी वाजवली. सप्टेंबर अखेर दोघं गेली.

ऑक्टोबरमध्ये अण्णा क्लिनिकमध्ये आले. एकटेच. नेहमीच्या खुर्चीत बसले.

"पोचली. खोली बेस हाय म्हनली. ह्यो बघा." व्हिडिओत दार वाजतं, मेंबर उठतो, नाक लावतो. कुठेही न बघता. "परवा हॉस्टेलात आगीची तालीम घेतली. हिच्या खोलीतला लाइट पेटलाच न्हाय. मेंबरनं उठवली. खाली जमलेल्यात चौथी हुती ही."

"विमानतळावर कसं झालं?"

"दारातनं आत निगाली. म्हटलं, आता ह्यो वळून माझ्याकडं बघनार आनि थितंच बसनार. म्हनून मी पाठ केली. त्या काचेकडं पाठ करून हुबा ऱ्हायलो, पार ती दिसंनाशी हुईपातूर." त्यांनी मोबाईल खिशात घातला. "वैशी वळली आसंल का वो?"

"फोनवर विचारा की."

"छ्या. ती म्हनंल, अण्णा, तुमी का न्हाई बघितलं?"

त्यांनी खिशातून पिवळा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. चंद्रीची नोंद बंद करायची होती. सरकारदरबारी ती अजून दुधात होती. मी फॉर्म भरायला घेतला. तेवढ्यात शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं.

अण्णांनी चटकन शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

मी फॉर्ममध्ये डोकं घातलं आणि म्हशीच्या मृत्यूचं कारण विचारलं.

तेव्हापासून कुठल्याही कुत्र्याच्या वागणुकीचं पत्र लिहिण्याआधी मी एक काम करते. मालकाला चहाला बाहेर पाठवते. मग मी स्वतःही बाहेर जाते.